हिराबोळ लावावा, पण कीटण काढल्यानंतर

ठाण्यातल्या आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एक संदेश गेल्या महिन्यात तीनदा येऊन गेला. हिराबोळाची पूड मधात कालवून हिरड्यांना चोळली की २१ दिवसांत हलणारे दात घट्ट होतात, दातांवरचे कीटण आपोआप गळून पडते, दवाखान्यात दात साफ करून घेतल्याने मात्र ते सैल होतात, आणि हा उपाय खुद्द सुश्रुतांचा व नैसर्गिक असल्यामुळे कोणालाही अपाय करीत नाही, असा त्याचा आशय आहे.

हिराबोळ निरुपयोगी आहे, असे माझे म्हणणे नाही. सोमालिया, इथिओपिया भागातल्या काटेरी झाडांचा हा चीक तोंड येणे आणि हिरड्या सुजणे यांवर युरोपातही फार पूर्वीपासून वापरात आहे. जांभळी नाक्यावरून आणलेला खडा मी कोमट पाण्यात टाकून पाहिला, तेव्हा पाणी दुधाळ झाले, डिंकाचा अंश विरघळला आणि तांबूस, चिकट राळ तळाशी राहिली. ती विरघळायला मद्यार्क लागतो, म्हणून औषधात हिराबोळाचा अर्क मद्यार्कातच काढतात. त्याच्या तुरटपणाने हिरडीचा पृष्ठभाग आवळला जातो, सूज उतरते आणि काही जंतूंना आळा बसतो.

दात घट्ट होणे ही मात्र निराळी गोष्ट आहे. दाताला धरून ठेवते ते जबड्याचे हाड आणि त्याला जोडणारे तंतू. हिरड्यांच्या जुन्या आजारात झिजलेले हाड वरून काही चोळल्याने भरून येत नाही. उलट रक्त यायचे थांबते आणि आजार बरा झाला असे वाटू लागते. माझ्या सासूबाईंचे नेमके हेच झाले. त्यांना मधुमेह आहे, आणि मधुमेहात हिरड्यांचा आजार अधिक बळावतो. महिनाभर हिराबोळ चोळल्यावर ब्रशला रक्त लागेना, म्हणून त्यांनी डॉक्टरांकडे जाणे सात महिने पुढे ढकलले. खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला, जिथे लाळेच्या नलिका उघडतात तिथे, पिवळट-करड्या कीटणाची सलग भिंत तेवढ्या काळात वाढतच राहिली.

हे कीटण म्हणजे जंतूंचा मऊ थर लाळेतल्या कॅल्शियम आणि फॉस्फेटने दगडासारखा झालेला असतो. तो ब्रशनेही निघत नाही. मग राळेने कसा गळून पडेल? साफसफाईनंतर दात सैल वाटतात, कारण झिजलेल्या हाडाची पोकळी कीटणाने आणि सुजेने झाकलेली असते आणि ती तेव्हा उघडी पडते.

सुश्रुतांचा दाखला ज्यांनी दिला, त्यांनी तो पुरता वाचायला हवा होता. दातांवरच्या या साठ्याला सुश्रुतसंहितेत दंतशर्करा म्हटले आहे आणि तिच्या चिकित्सेचा क्रम तिथे स्वच्छ दिला आहे: वैद्याने दातांच्या मुळांना इजा न करता शर्करा काढून टाकावी आणि त्यानंतर लाखेचे चूर्ण मधात मिसळून चोळावे. लाख हीदेखील राळच, आणि मधही तिथे आहे. पण दोन्ही येतात ते खरवडून झाल्यानंतर. संदेशात हिराबोळाचे नाव आले आणि शस्त्राची पायरी गळाली.

‘कोणालाही अपाय नाही’ हेही खरे नव्हे. हिराबोळ गर्भाशयाला आकुंचन आणतो असे मानले जाते, म्हणून गरोदर स्त्रियांनी तो टाळावा. रक्त पातळ करणारी वॉर्फरिनची गोळी चालू असणाऱ्यांनीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय पोटात घेऊ नये.

सासूबाईंचे कीटण अखेर दोन बैठकांत काढले गेले. डॉक्टरांच्या संमतीने त्या आजही हिराबोळाच्या पाण्याने चुळा भरतात आणि त्याने बरे वाटते असे सांगतात. खालचा एक दात मात्र काढावाच लागला.