कोमल स्वर म्हणजे दुःख? रागाचा भाव स्वरांच्या यादीत सापडत नाही

रागसंगीताची ओळख करून देणारा एक मजकूर वर्षानुवर्षं फिरतो आहे. शब्द बदलतात, म्हणणं तेच: शुद्ध स्वर आनंदाचे आणि कोमल (म्हणजे शुद्धाहून अर्ध्या स्वराने उतरलेले) स्वर दुःखाचे, प्रत्येक रागाचा रस ठरलेला, भरतमुनींनी हे नाट्यशास्त्रात लिहूनच ठेवलं आहे, म्हणून भाषा न कळणाऱ्यालाही, तो जगात कुठेही असो, रागातून तोच भाव मिळतो. नवे विद्यार्थी हे पाठ करतात आणि मग राग तसाच ऐकायला, गायला लागतात. नुकसान तिथे होतं, म्हणून एकेक मुद्दा नीट पाहू.

कोमल स्वर दुःखाचे

मालकंस रागात ग (गंधार), ध (धैवत), नि (निषाद) हे तिन्ही स्वर कोमल. या नियमाने तो रडका राग व्हायला हवा. प्रत्यक्षात परंपरा त्याला गंभीर, भारदस्त मानते. दरबारी आणि अडाणा या दोन्हींत ग, ध, नि कोमलच. दरबारी मंद्रात, म्हणजे खालच्या सप्तकात, रेंगाळतो, त्यातला गंधार संथ आंदोलनाने डुलतो. अडाणा तार षड्जाच्या, म्हणजे वरच्या सा च्या, आसपास खेळतो, चालीने चपळ आणि बाण्याने वीराचा. भैरवीत तर रे, ग, ध, नि चारही कोमल, आणि तिच्यात अभंग रंगतो, ठुमरी रंगते, नाट्यपदही रंगतं.

उलट बाजूही पाहा. मारव्यात कोमल स्वर एकच, तो म्हणजे रे (ऋषभ). ग, ध, नि शुद्ध. तरी मावळतीची हुरहूर मारव्याइतकी क्वचितच दुसऱ्या रागात सापडते.

पाश्चात्त्य संगीतातला ‘मेजर म्हणजे आनंद, मायनर म्हणजे दुःख’ हा याच समजुतीचा चुलतभाऊ. संगीतकार ग्लुकच्या १७६२ च्या ‘ऑर्फेओ’ या ऑपेरात पत्नी गमावलेला ऑर्फेओ जे विलापगीत गातो, ते सी मेजरमध्ये आहे. समीक्षक हान्सलिक याने १८५४ मध्ये नेमकं त्याच गीतावर बोट ठेवलं: ‘ती मला गमावली’ऐवजी ‘ती मला सापडली’ असे शब्द घातले, तरी चाल तितकीच शोभते.

ही समजूत शिकणाऱ्याच्या गळ्यातही उतरते. ‘दरबारी दुःखी आहे’ असं सांगितलं की विद्यार्थी गंधारावर आवाज कापरा करतो. त्या गंधाराचं आंदोलन मात्र संथ असतं, मध्यमाच्या आधाराने खाली येणारं आणि ऋषभाकडे झुकणारं. कंप जलद झाला की गंधार आपली जागा सोडतो आणि दरबारीपण निघून जातं. दुःख आणायच्या प्रयत्नात रागच हरवतो.

प्रत्येक रागाचा रस ठरलेला

स्वरांच्या यादीतून भाव ठरत असता, तर एकच यादी असलेल्या रागांचा भावही एकच असता. मारवा, पूरिया आणि सोहनी यांची यादी एकच आहे: सा, कोमल रे, शुद्ध ग, तीव्र (अर्ध्या स्वराने चढलेला) म, शुद्ध ध, शुद्ध नि. पंचम तिन्हींत वर्ज्य, म्हणजे घेतच नाहीत.

पूरियात वजन गंधार आणि निषादावर. मंद्र नि पासून ग पर्यंत अंतर मोजलं तर ते शुद्ध चौथ्याचं (सा ते शुद्ध म एवढं), म्हणजे ४:३ चं निघतं. हे दोघे एकमेकांना धरून राहतात, गंधार षड्जाशीही गोड जुळतो. त्यामुळे मंद्रात कितीही खोल गेलं तरी पायाखाली जमीन असते.

मारव्यात वजन कोमल रे आणि ध वर. या दोघांत चौथ्याचंही अंतर नाही आणि पाचव्याचंही (सा ते प एवढं) नाही. रागातले दोन मुख्य स्वर, वादी आणि संवादी, अशाच अंतरावर असावेत या नेहमीच्या नियमाला मारवा अपवाद ठरतो तो इथेच. शिवाय गायक षड्जावर थांबणं टाळतो. कोमल रे ला अर्ध्या स्वरावर असलेला सा खेचत असतो आणि गायक त्याला तिथे जाऊ देत नाही. मारव्याची बेचैनी या अडवणुकीतून येते. एकट्या कोमल रे मध्ये ती नाही, कारण तोच रे पूरियात शांतपणे वावरतो. सोहनीत सगळा जीव धैवतावर आणि तार षड्जावर, चाल वरच्या अंगाची. तिची आर्तता पुन्हा वेगळी.

पडताळायचं असेल तर तंबोऱ्याची पहिली तार पंचमाऐवजी मंद्र निषादात लावा. पंचम वर्ज्य असताना तो मागे वाजत ठेवला, तर तीव्र मध्यम त्याच्याशी घासतो आणि तुलना फसते. आता पूरियाचं ‘ग, मंद्र नि, कोमल रे, सा’ हे पाचेक मिनिटं संथ गा. मग त्याच पट्टीत मारव्याचं ‘ध, तीव्र म, ग, कोमल रे’ असं येऊन रे वर थांबा. सा घेऊ नका. स्वरांची यादी बदललेली नाही, तरी खोलीतली हवा बदललेली जाणवते.

एका रागातही रस एकच राहत नाही. १९१६ साली रंगभूमीवर आलेल्या खाडिलकरांच्या ‘संगीत स्वयंवर’ नाटकात भास्करबुवा बखले यांनी अनेक पदांना ख्यालाच्या बंदिशींच्या चाली दिल्या. मैफलीत वेगळ्या शब्दांनी गायली जाणारी चाल रुक्मिणीच्या तोंडी गेली आणि प्रेक्षकांना ती तिच्याच मनातली वाटली. चालीत ती लवचीकता होती म्हणूनच हे जमलं.

भरतमुनींनी लिहून ठेवलं आहे

लिहिलं आहे, हे खरं. मध्यम-पंचम हास्य आणि शृंगाराला, षड्ज-ऋषभ वीर, रौद्र, अद्भुताला, गांधार-निषाद करुणाला आणि धैवत बीभत्स-भयानकाला, अशी वाटणी नाट्यशास्त्रात आहे. पण ते स्वर आजचे नव्हेत. भरताच्या षड्जग्रामात २२ श्रुतींची (सप्तकातल्या सूक्ष्म स्वरांतरांची) वाटणी ४, ३, २, ४, ४, ३, २ अशी होते. त्यात गांधाराला दोनच श्रुती, म्हणजे तो आजच्या कोमल गंधाराच्या जवळचा. तो शुद्ध सप्तक आजच्या काफीसारखा होता. बिलावल हा शुद्ध सप्तक बऱ्याच नंतर रूढ झाला. म्हणून भरताचा ‘गांधार’ उचलून आजच्या यमनाच्या शुद्ध गंधाराला लावणं ही सरळ चूक आहे.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ही वाटणी जातिगायनाची (रागांच्या आधीच्या गानप्रकाराची) आणि नाटकातल्या उपयोगाची आहे. त्याच ग्रंथाच्या सहाव्या अध्यायात भरत सांगतात की विभाव, अनुभाव आणि व्यभिचारी भाव यांच्या संयोगातून रस निष्पन्न होतो. म्हणजे पात्र हवं, प्रसंग हवा, अभिनय हवा. नुसता स्वर छेडला की रस तयार, असं भरताच्या नावावर खपवणं हा त्यांच्यावर अन्याय आहे.

जगात कुणालाही तोच भाव मिळतो

यात काही अंशी तथ्य आहे. लॉरा-ली बाल्कविल आणि विल्यम फोर्ड थॉम्पसन यांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, हिंदुस्थानी संगीताची ओळख नसलेल्या पाश्चात्त्य श्रोत्यांनी रागांतला आनंद, दुःख आणि क्रोध हे भाव ओळखले. शांत मात्र ओळखता आला नाही. त्यांचे निवाडे लय आणि सुरावटीची गुंतागुंत यांच्याशी जोडलेले आढळले. हे स्वाभाविक आहे: दुःखात माणूस हळू, खालच्या आवाजात बोलतो, ती खूण कुणालाही कळते.

२०१८ च्या दुसऱ्या एका अभ्यासात ८६ समाजांतल्या ११८ गाण्यांचे १४ सेकंदांचे तुकडे ६० देशांतल्या श्रोत्यांना ऐकवले. नाचाची गाणी आणि अंगाई बरीचशी ओळखली गेली, प्रेमगीतं मात्र जवळपास नाहीच. बाळ झोपवण्याची लय सर्वांची सारखी. प्रेम गाण्याची रीत ज्याची त्याची.

परकं कशाला, कर्नाटक संगीतातला हिंदोलम घ्या. स्वर मालकंसाचेच, पण मालकंसासारखी मध्यरात्री गाण्याची अट त्याला नाही. आणि आपल्याकडे भैरवीचा पहिला स्वर लागला की मैफल संपत आल्याची कळ उठते. शास्त्राप्रमाणे भैरवी सकाळची रागिणी. ती कळ मैफलीच्या रिवाजाने आपल्या कानाला शिकवली आहे.

मग राग अर्थ पोचवतो कसा? आपल्या कानात अपेक्षा तयार करून आणि ती कधी पुरवून, कधी लांबवून. संगीताचे अभ्यासक लेनर्ड मेयर यांनी १९५६ मध्ये पाश्चात्त्य संगीताबद्दल हे मांडलं. ख्यालात ते घड्याळ लावून पाहता येतं. विलंबित एकतालात मात्रा चार-पाच सेकंदांची असली तर बारा मात्रांचं आवर्तन ४८ ते ६० सेकंदांचं होतं. अकराव्या-बाराव्या मात्रेपाशी मुखडा (बंदिशीची सुरुवातीची ओळ) उचलला की सगळी बैठक समेकडे, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेकडे, झुकते. मुखडा अर्ध्या मात्रेने आधी संपला तर माना डोलत नाहीत, स्वर कितीही सुरेल लागलेले असोत.

मारव्यात हीच गोष्ट षड्जाबाबत घडते. दहा मिनिटं गायक कोमल रे आणि धैवताभोवती फिरतो, सा ला जेमतेम स्पर्श करतो, आणि मग एकदाचा त्यावर स्थिरावतो. ऐकणाऱ्यांचा अडकलेला श्वास सुटतो. त्याच क्षणी दार उघडून आत आलेल्या माणसाला मात्र तो नुसता सा ऐकू येतो.