टंचाई बनावट असती, तर स्वस्त औषधं आधी का संपतात?

"औषधांची टंचाई खरी नसतेच, भाव वाढवायला कंपन्या माल गोदामात दडवून ठेवतात." हा मजकूर सध्या व्हॉट्सॲपवर जोरात फिरतोय. आईचं औषध तीन दुकानांत मिळालं नाही की डोकं फिरतं, ते मला कळतं. पण निदान चुकलं की दाद चुकीच्या दारात मागितली जाते, म्हणून हे लिहितोय.

"भाव वाढवायला" हेच आधी घ्या. अत्यावश्यक यादीतल्या औषधांची कमाल किंमत एनपीपीए ही सरकारी संस्था ठरवते. माल दडवला म्हणून कंपनीला एमआरपी वाढवता येत नाही. खरी अडचण नेमकी उलटी आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये एनपीपीएने आठ औषधांच्या कमाल किमती ५० टक्क्यांनी वाढवल्या. त्यात ॲट्रोपिन, बेंझिल पेनिसिलिन, स्ट्रेप्टोमायसिन, दम्यावरचं साल्ब्युटामॉल, लिथियम होती. सगळी जुनी, स्वस्त औषधं. "बघा, वाढलेच ना भाव!" असं कुणी म्हणेल. पण कच्चा माल महागल्याने परवडत नाही म्हणून यातली काही औषधं बनवणंच बंद करू द्या, असे अर्ज कंपन्यांनी केले होते. दम्याची साधी गोळी बाजारातून कायमची जाण्यापेक्षा ही वाढ मला मान्य आहे.

साठेबाजी होतच नाही, असं मी म्हणणार नाही. एप्रिल २०२१ मध्ये कोरोनाच्या लाटेत रेमडेसिविर या इंजेक्शनचा काळाबाजार आपण सगळ्यांनी पाहिला. पण रुग्ण घटले तसं त्याचं उत्पादन आधीच कमी झालं होतं, आणि लाट आल्यावर कारखाने लगेच वेग घेऊ शकले नाहीत. साठेबाज त्या तुटवड्यावर जगले. कच्च्या मालासाठी आपण चीनवर किती अवलंबून आहोत, हे तर मार्च २०२० मध्येच दिसलं होतं. तेव्हा पॅरासिटामॉलच्याही निर्यातीवर निर्बंध घालावे लागले.

आणि क्षयरोगाचं काय? ती औषधं सरकार खरेदी करतं, रुग्णाला फुकट देतं. तिथे भाव वाढवून कोण कमावणार? तरी मार्च २०२४ मध्ये पुरवठा लांबला आणि केंद्राला राज्यांना पत्र लिहून स्थानिक पातळीवर खरेदी करा, असं सांगावं लागलं. डोस चुकले की जंतू औषधाला दाद देईनासे होतात, उपचार लांबतो, घरातल्यांनाही धोका वाढतो. इथे गोदामावर धाड घालून काही निघणार नाही. निविदा कधी काढली, पुरवठ्याची तारीख काय होती, जिल्ह्यात किती दिवसांचा साठा आहे, हे माहितीच्या अधिकारात विचारा.