'दोन मिनिटांचं काम' म्हणणाऱ्या वाचकांस

नमस्कार. उबुंटू ही लिनक्स प्रणाली 22.04 वरून 24.04 वर नेल्यावर आवाज भलत्याच साउंड कार्डावर जातो, त्यावरच्या माझ्या लेखाखाली आपण लिहिलंत: "बायोसमध्ये एक कार्ड बंद करा, दोन मिनिटांचं काम. पाइपवायरमध्ये डिफॉल्ट निवडता येतं, नंबर बघत बसायचं कारणच नाही. गावाकडच्या दुकानदारांनी लोकांना उगाच टर्मिनलला जुंपू नये."

(बायोस म्हणजे मशीन सुरू होतानाची मूळ सेटिंग; पाइपवायर म्हणजे प्रोग्रामांचा आवाज कार्डापर्यंत पोचवणारी व्यवस्था; नंबर म्हणजे लिनक्स प्रत्येक साउंड कार्डाला देतं तो; टर्मिनल म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी.)

लेख लांबला, हे मान्य. पहिले दोन परिच्छेद कमी करता आले असते.

पण "गावाकडचे दुकानदार" हे मी सोडून देणार नाही. होय, माझं दुकान खानापुरात आहे. तालुक्यातली भजनी मंडळं, शाळा, जुन्या कॅसेटी कॉम्प्युटरवर घेणारी माणसं माझ्याकडेच येतात. बेळगावपर्यंत मशीन उचलून नेणं प्रत्येकाला परवडत नाही. साउंड ब्लास्टर 16 हे जुनं साउंड कार्ड आयआरक्यू 7 वर (आयआरक्यू म्हणजे प्रोसेसरला हाक मारायची ठरलेली लाइन) ठेवलं की प्रिंटर पोर्टाशी भांडायचं, मग ते 5 वर आणायचं, हे मी त्या काळात हाताने केलंय. तेव्हाही "सोपं आहे की" म्हणणारे होतेच, आणि त्यांची मशीनं शेवटी माझ्याच टेबलावर यायची. माणूस कुठे बसून लिहितो यावरून त्याला किती कळतं, हे ठरवायची ही कुठली रीत?

आता बायोस. एका भजनी मंडळाचं मशीन घ्या: मदरबोर्डवरचं कार्ड, एनव्हिडियाच्या ग्राफिक्स कार्डावरचं एचडीएमआय आणि वर एक यूएसबी मिक्सर. अपग्रेडआधी मदरबोर्डचं कार्ड 0 होतं. अपग्रेडनंतर यादी काढली तर 0 वर एनव्हिडिया, 1 वर पीसीएच (म्हणजे मदरबोर्डचंच कार्ड), 2 वर मिक्सर. रेकॉर्डिंगच्या प्रोग्राममध्ये 'एचडब्ल्यू:0' (0 नंबरचं कार्ड) लिहिलेलं, म्हणजे पखवाजाचा आवाज स्पीकर नसलेल्या मॉनिटरकडे. बायोसमध्ये बहुतेक वेळा बंद करायला मिळतं ते मदरबोर्डचं कार्ड, आणि सभागृहाचे स्पीकर नेमके त्याच्याच हिरव्या जॅकला. ते बंद करून तुम्ही काय वाजवणार? ग्राफिक्स कार्डाच्या एचडीएमआयसाठी तिथे सहसा पर्यायच नसतो.

कार्डांचे नंबर त्यांचे ड्रायव्हर (कार्ड चालवणारे छोटे प्रोग्राम) ज्या क्रमाने चढतात त्यावर ठरतात, आणि तो क्रम कायम राहीलच असं नाही. म्हणून लेखात सांगितलं की नंबराऐवजी नाव द्या, 'एचडब्ल्यू:0' च्या जागी 'एचडब्ल्यू:पीसीएच'. मिक्सर पहिल्या जागी घुसत असेल तर यूएसबी ऑडिओ ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये इंडेक्स उणे 2 लिहा. दोन ओळी आहेत हो. एवढ्याला तुम्ही जुंपणं म्हणता?

पाइपवायरबद्दल आपण म्हणता ते त्याच्यामार्फत जाणाऱ्या प्रोग्रामांपुरतं ठीक आहे. थेट अल्साशी (लिनक्समध्ये साउंड कार्डं चालवणाऱ्या मूळ व्यवस्थेशी) बोलणारा प्रोग्राम त्या डिफॉल्टकडे बघतच नाही, आणि माझा लेख अशाच प्रोग्रामवर होता. लेख पुरता वाचला असता तर हे दिसलं असतं.

मला राग आहे तो एवढ्यासाठी की असली प्रतिक्रिया वाचून एखादा पोरगा खरंच बायोसमध्ये शिरेल, ऐन सप्ताहाच्या तोंडावर आवाज घालवून बसेल, आणि तुम्ही तिथे नसाल.

परत लिहायचं असेल तर आपल्या मशीनमधली कार्डांची यादी टाका आणि कोणता प्रोग्राम वापरता ते सांगा, उत्तर देईन. पुन्हा "गावाकडचे" म्हणून लिहिलंत तर ती प्रतिक्रिया मी ठेवणार नाही.