दोन माणसं नुसती बोलतात, म्हणून चित्र कसंही चालेल?

गेले काही दिवस एक मजकूर हातोहात पुढे पाठवला जातोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: रोमँटिक कॉमेडी ब्लू-रेवर (डीव्हीडीपेक्षा स्पष्ट चित्राची डिस्क) किंवा त्याहूनही बारीक चित्राच्या फोर-केमध्ये विकत घेणं म्हणजे पैशांची नासाडी. यात ना स्फोट, ना अंतराळयानं; दोन माणसं बोलतात, भांडतात, शेवटी एकत्र येतात. संवाद डीव्हीडीवरही तेच ऐकू येतात. जुन्या सिनेमांच्या चित्रात मुळातच मुंग्या, त्या मोठ्या करून काय मिळणार? आणि अगदीच हवं असेल तर ऑनलाइन फोर-के आहेच, दोन्ही एकच. मी हे सिनेमे पुन्हा पुन्हा पाहणाऱ्यांपैकी आहे. हा मजकूर वाचून कोणी चांगली आवृत्ती घ्यायची सोडून देऊ नये असं मनापासून वाटतं, म्हणून एकेक मुद्दा घेतो. त्यामागे एक खरी गोष्टही आहे, तीही सांगेन.

‘स्फोट नाहीत, मग चित्राची काय गरज?’ स्फोट धूसर दिसला तरी तो स्फोट आहे हे कळतं. रोमँटिक कॉमेडीत जे घडतं ते चेहऱ्यावर घडतं. ती म्हणते, ‘मला काय फरक पडतो?’ आणि त्याच क्षणी तिची खालची पापणी जराशी वर येते. शब्द एक सांगतात, डोळे दुसरंच सांगतात. सगळी गंमत त्या दोहोंच्या मधे असते. शिवाय विनोदी प्रसंग सारखा क्लोज-अपमध्ये घेत नाहीत. बोलणाऱ्याइतकाच ऐकणाऱ्याचा चेहरा हवा असतो, म्हणून दोघं एका चौकटीत ठेवले जातात आणि चेहरे लहान होतात.

किती लहान, त्याचा हिशोबच करू. २.३५:१ अशा (उंचीच्या २.३५ पट) रुंद चौकटीचा सिनेमा पिक्सेलच्या ४८० आडव्या रेषांच्या डीव्हीडीवर आला की वरखालचे काळे पट्टे वजा जाऊन चित्राला साधारण ३६० रेषा उरतात. दोघं टेबलाशी बसलेत आणि चेहरा चौकटीच्या उंचीच्या आठव्या हिश्श्याएवढा आहे असं धरा. अख्ख्या चेहऱ्याला ४५ रेषा. उघडा डोळा चेहऱ्याच्या विसाव्या भागाएवढा उंच धरला, तर डोळ्याच्या वाट्याला दोन रेषा येतात. दोन रेषांत पाणावलेला डोळा आणि मिश्कील डोळा वेगळे कसे दाखवणार? ब्लू-रेवर त्याच चेहऱ्याला शंभर रेषा मिळतात आणि डोळ्याला पाच. फोर-केमध्ये डोळ्याला दहा. अभिनेत्रीने जे केलं ते आपल्यापर्यंत पोचतं की नाही, याचा निकाल इथे लागतो.

उदाहरण घ्यायचं तर दिग्दर्शक बिली वाइल्डरचा १९६०चा ‘द अपार्टमेंट’. कृष्णधवल, रुंद पडद्याचा. बढती मिळालेला नायक नवी हॅट घालून लिफ्ट चालवणाऱ्या मुलीला विचारतो, कशी दिसते? ती तिच्या पावडरच्या डबीचा आरसा पुढे करते. आरशाला तडा गेलेला आहे आणि ही डबी त्याने आधी पाहिलेली आहे. आपल्या साहेबाचं कुणाशी प्रकरण चालू आहे ते त्याला त्या तड्यावरून कळतं. आरशात त्याचा चेहरा दुभंगलेला दिसतो. एवढासा आरसा, त्यातली एक रेघ, आणि तिथून सिनेमा हसण्याकडून दुसरीकडे वळतो. त्याच सिनेमातलं ते प्रचंड ऑफिस आठवा, ज्यात टेबलांच्या रांगा क्षितिजापर्यंत गेल्यासारख्या वाटतात. कलादिग्दर्शक अलेक्झांडर ट्रोनर यांनी मागची टेबलं लहान लहान करत नेऊन ते साधलं होतं. त्या गर्दीत आपला नायक किती क्षुद्र आहे, हे मागच्या रांगा स्पष्ट दिसल्या तरच जाणवतं. आता सांगा, यात चित्राला काम नाही?

‘पिलो टॉक’ (१९५९) तर सिनेमास्कोप या रुंद पडद्याच्या पद्धतीवरच उभा आहे. पडदा मधोमध विभागलेला, एकीकडे ती टबमध्ये, दुसरीकडे तो, दोघं फोनवर, आणि मधल्या रेषेपाशी त्यांचे तळपाय एकमेकांना टेकल्यासारखे दिसतात. जुन्या ४:३ टीव्हीसाठी कडा कापून काढलेल्या आवृत्तीत २.३५:१ चौकटीचा जेमतेम ५७ टक्के भाग मावतो. अशा वेळी उरतो तो दोघांपैकी एकाचाच टब!

‘संवाद तर तेच असतात.’ हेही पूर्ण खरं नाही. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमने चित्रित होतो. पॅल या (भारत-युरोपातल्या टीव्हीच्या) पद्धतीच्या डीव्हीडीवर तो सर्रास २५ फ्रेमने पळवला जाई. चार टक्के वेग वाढला की शंभर मिनिटांचा सिनेमा ९६ मिनिटांत संपतो आणि आवाज वेगळा सुधारून घेतला नसेल तर किंचित चिरका होतो. मारधाडीच्या सिनेमात हे खपून जातं. पण जिथे नायकाने उत्तर द्यायच्या आधी घेतलेला अर्धा श्वासच विनोद असतो, तिथे ती घाई कानाला लागते. ब्लू-रेवर सिनेमा त्याच्या मूळ चालीने चालतो.

आता मुंग्यांचा मुद्दा, आणि इथेच सगळ्यात जास्त गैरसमज आहे. त्या मुंग्या म्हणजे ग्रेन. फिल्मवरच्या चांदीच्या क्षारांच्या बारीक कणांतून प्रतिमा तयार होते. रंगीत फिल्ममध्ये चांदी धुऊन निघते आणि तिच्या जागी रंगाचे सूक्ष्म ढग राहतात. म्हणजे ग्रेन चित्रावर बसलेली धूळ नव्हे, चित्र त्याचंच बनलेलं आहे. ३५ मिमी निगेटिव्हमध्ये, म्हणजे कॅमेऱ्यात चित्रित झालेल्या मूळ फिल्ममध्ये, डीव्हीडीच्या कितीतरी पट तपशील असतो. थिएटरात पोचणारी प्रिंट निगेटिव्हवरून एकदम निघत नसे; मधे नकलांच्या दोन पिढ्या असत आणि प्रत्येक पिढीत थोडं काही हरवे. आज थेट निगेटिव्ह स्कॅन केली, तर त्या काळच्या प्रेक्षकाने पाहिलं त्यापेक्षाही जास्त आपण पाहू शकतो. ‘जुन्या सिनेमात असून असून काय असणार?’ याचं उत्तर हे.

घात होतो तो ही ‘साफसफाई’ करताना. ग्रेन पुसणाऱ्या सॉफ्टवेअरला त्वचेवरची रंध्रं आणि ग्रेन यांतला फरक नीट कळत नाही. हात सैल सोडला की दोन्ही जातं. मी एकाच सिनेमाच्या दोन ब्लू-रे आवृत्त्या पाठोपाठ लावून पाहिल्या आहेत. पहिलीत नायिकेचं कपाळ मेणाचं वाटत होतं, स्वेटर म्हणजे नुसता रंगाचा सपाट तुकडा, आणि खांद्यांभोवती पांढुरकी कड. चित्र पुसून मऊ झालं म्हणून नंतर कडा ओढूनताणून धारदार केल्याची ती खूण. दुसरी नव्या स्कॅनवरून काढलेली होती. स्वेटरची वीण दिसत होती, नाकावरचे फिकट ठिपके दिसत होते, आणि हसू दाबताना तिच्या हनुवटीला पडणारी बारीक खळी, जी मी इतक्या वेळा सिनेमा पाहूनही कधी पाहिलीच नव्हती. ग्रेन दुसरीत जास्त होता. मजकूर लिहिणाऱ्याच्या कसोटीने पहिलीच आवृत्ती सरस ठरेल.

‘ऑनलाइन फोर-के आणि डिस्क एकच.’ पिक्सेल मोजले तर एकच. पण ते पिक्सेल किती डेटात कोंबलेत ते पाहायला हवं. नेटफ्लिक्स फोर-केसाठी सेकंदाला १५ मेगाबिटचा इंटरनेट वेग पुरेसा मानतं. फोर-के डिस्कवरचा प्रवाह १०० मेगाबिटच्या पुढेही जाऊ शकतो. यावर कोणी म्हणेल, माणसं बसून बोलतात, मागची भिंत हलत नाही, मग कमी डेटा पुरेल की. डिजिटल सिनेमात हे बरंचसं खरं आहे. न हललेला भाग आधीच्या फ्रेममधून तसाच उचलता येतो. पण फिल्मवरचा ग्रेन प्रत्येक फ्रेममध्ये नवा असतो. भिंत स्थिर असली तरी तिच्यावरचा ग्रेन क्षणभरही स्थिर नसतो. डेटा अपुरा पडला की कॉम्प्रेशन (चित्र दाबून लहान करण्याची प्रक्रिया) आधी त्यालाच सारवून टाकतं, आणि त्याच्याबरोबर गालाचा पोतही जातो. एव्ही-१ या नव्या कॉम्प्रेशन पद्धतीत ग्रेन आधी काढून घेऊन त्याची मापं पाठवायची आणि टीव्हीवर तसाच दिसणारा ग्रेन पुन्हा तयार करायचा, अशी सोय आहे. युक्ती हुशारीची आहे, पण तो ग्रेन मूळचा नसतो.

आता ती खरी गोष्ट. फोर-केचा शिक्का म्हणजे चित्र उत्तमच, असं मुळीच नाही. २००० नंतरच्या कितीतरी रोमँटिक कॉमेडींची अंतिम डिजिटल प्रतच टू-केमध्ये तयार झाली. टू-के म्हणजे रुंदीला २०४८ पिक्सेल, ब्लू-रे १९२०, फरक नावापुरता. अशा सिनेमाची फोर-के डिस्क बहुतेक वेळा त्याच चित्राला मोठं करून काढलेली असते. एचडीआर (उजेड आणि अंधारातला जास्त फरक दाखवणारी पद्धत) आणि दहा बिटांच्या, म्हणजे जास्त बारीक, रंगछटांचा लाभ मिळतो, फिकट भिंतींवर आणि संध्याकाळच्या आकाशात दिसणारे पट्टे कमी होतात, पण तपशील जवळपास तेवढाच. तिथे साधी ब्लू-रे घेतली तर काही गमावलं असं मी म्हणणार नाही. आणि डीव्हीडीच्या काळातलंच जुनं स्कॅन ब्लू-रेच्या वेष्टनात घालून विकलं असेल, तर पैसे वाया गेल्याची तक्रार रास्तच आहे.

म्हणून घेण्याआधी एवढंच बघा की स्कॅन नवं आहे का आणि ते कशावरून केलंय, निगेटिव्हवरून की नंतरच्या प्रतीवरून. चौकट मूळ मापाची आहे का तेही बघा. घरी आल्यावर टीव्हीतलं नॉइज रिडक्शन आणि हालचाल गुळगुळीत करणारी सेटिंग बंद करा. टीव्हीत फिल्ममेकर मोड (सिनेमा मूळ रूपात दाखवणारी सेटिंग) असेल तर तो लावला की बहुधा दोन्ही बंद होतात. मग दोघं एका चौकटीत असलेला एखादा लांबलचक प्रसंग लावा, आणि जो बोलत नाहीये त्याच्याकडे पाहत राहा.