मुंबई–कोल्हापूर विमान: ‘पंचवीस मिनिटां’चा हिशोब कुठे चुकतो

मुंबईतल्या कोल्हापूरकरांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मजकूर पुन्हा पुन्हा फिरतोय. हवाई अंतर जेमतेम ३१० किलोमीटर, विमानाचा वेग ताशी ८००, म्हणजे प्रवास पंचवीस मिनिटांचा. तरी कंपन्या तिकिटावर तासभर छापतात आणि मुंबईला येताना मुद्दाम घिरट्या घालतात, असा आरोप. अंतराचा आकडा बरोबर आहे. पुढचं पटणारं नाही, आणि त्या भरवशावर कुणी मुंबईहून पुढचं विमान ठरवलं तर ते हुकेल, म्हणून हे लिहितोय.

आधी वेग. ताशी ८०० हा जेटचा उंचावर स्थिरावल्यानंतरचा वेग. एटीआर ७२ सारखं पंख्याचं विमान असेल तर तो ५०० च्या आसपासच असतो. म्हणजे सगळा रस्ता पूर्ण वेगाने कापला तरी ३७ मिनिटं. जेट असलं तरी दहा हजार फुटांखाली २५० नॉट, म्हणजे ताशी साधारण ४६३ किलोमीटरची मर्यादा असते, आणि एवढ्या छोट्या पल्ल्यात चढण्या-उतरण्यातच बराच वेळ जातो. २०१७ साली सुरू झालेल्या उडान योजनेत सरकारनेही सुमारे ५०० किलोमीटरला एक तास असाच हिशोब धरून २,५०० रुपयांची भाडेमर्यादा ठेवली होती.

तिकिटावर असतो तो नुसता हवेतला वेळ नव्हे. विमान उभ्या जागेवरून हललं की घड्याळ सुरू होतं आणि दुसऱ्या विमानतळावर जागेवर थांबलं की संपतं. मुंबईत हीच मिनिटं फार जातात. इथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे त्या एकाच वेळी स्वतंत्रपणे वापरता येत नाहीत. सगळी रांग जवळजवळ एकीवरच येते.

घिरट्यांचंही तसंच. मुंबईत बहुतेक वेळा विमानं जुहूच्या समुद्राकडे उडतात आणि घाटकोपरवरून येऊन उतरतात. कोल्हापूर आग्नेयेला. म्हणजे निघताना आधी उलट दिशेला जाऊन वळायचं, आणि येताना शहराच्या पूर्वेला जाऊन रांगेत लागायचं. थांबायला सांगतो तो हवाई वाहतूक नियंत्रण कक्ष. इंधन हा कंपनीचा सर्वांत मोठ्या खर्चांपैकी एक. स्वतःच्या पैशाने ती कशाला फिरत बसेल?

पृथ्वी फिरते म्हणून जाण्या-येण्याच्या वेळेत फरक पडतो, असंही काहीजण जोडतात. हवाही पृथ्वीबरोबरच फिरते. शिवाय हा मार्ग पूर्व-पश्चिमेपेक्षा उत्तर-दक्षिणच जास्त आहे.

एक तक्रार मात्र खरी. वेळापत्रकात थोडी जादा मिनिटं धरलेली असतात, कारण ठरल्या वेळेपासून पंधरा मिनिटांच्या आत असलेलं विमान ‘वेळेवर’ गणलं जातं. त्यावर जरूर बोलावं. पण ती वजा केली तरी पंचवीसचा आकडा निघत नाही.

तेव्हा कोल्हापूरहून येऊन मुंबईत विमान बदलणाऱ्यांनी छापील वेळच धरावी, वर उशिराची सोय ठेवावी. दोन्ही तिकिटं वेगळी काढली असतील तर सामान घेऊन पुन्हा चेक-इन करावं लागतं. पुढचं विमान दुसऱ्या टर्मिनलवर असेल तर टी-१ ते टी-२ हे अंतर रस्त्याने जायचं असतं, विलेपार्ले-अंधेरीच्या ट्रॅफिकमधून.