उचलून नेऊ की!

आमच्या कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर गेला महिनाभर वाद पेटलाय. दगडी इमारतीच्या पहिल्या मजल्यावर कॉलेजचं छोटं संग्रहालय आहे. नाणी, दोन ताम्रपट, भुसा भरलेला बिबट्या आणि बाजूच्या खोलीत जुन्या चित्रकला शिक्षकांची तैलचित्रं. डागडुजीसाठी वर्गणी जमतेय, तर कुणीतरी सुचवलं की त्यातच लिफ्ट बसवून टाकू. झालं! जुन्या वास्तूची शोभा जाईल, एवढ्या दगडाला भगदाड पाडणार का, वर्षाकाठी अपंग येतात तरी किती? आणि मग हुकमाचा एक्का: ‘आपल्याकडे माणसं आहेत. कुणी आलंच तर उचलून नेऊ की!’

हे ज्यानं लिहिलं, त्यानंच १९८६ साली मला त्या जिन्यानं वर नेलं होतं. तो आणि आणखी तिघं. माझ्या दोन्ही पायांना पोलिओ, तेव्हा पायांना आधाराचे पट्टे, म्हणजे कॅलिपर होते. ग्रंथालयातली लाकडी खुर्ची आणली, मला बसवलं आणि ‘एक, दोन, उचल!’ वळणावर खुर्ची तिरकी झाली, ओढणी कुणाच्या तरी चपलेखाली अडकली. ती सोडवायची तर खुर्चीचा हात सोडावा लागला असता, म्हणून मान वाकडी करून तशीच बसले. वर पोचल्यावर टाळ्या पडल्या. हो, टाळ्या! पोरं चांगली होती, आजही आहेत. पण बिबट्या मी धड पाहिलाच नाही. खाली कसं जायचं आणि मुतारी खालीच आहे, या दोनच गोष्टी डोक्यात. सकाळपासून पाण्याचा घोट घेतला नव्हता, तो त्याचसाठी.

गेली बावीस वर्षं मी ग्लासगोत आहे. आता कॅलिपर सुटले, चाकांची खुर्ची आली. परवा शनिवारी इथल्या विद्यापीठाच्या हंटेरियन संग्रहालयात गेले. विल्यम हंटर नावाच्या शरीरशास्त्रज्ञाच्या संग्रहावर १८०७ साली सुरू झालेलं, स्कॉटलंडमधलं सगळ्यात जुनं सार्वजनिक संग्रहालय. इमारत गिल्बर्ट स्कॉट या वास्तुकाराची, कमानी आणि कळसांची, आमच्या कॉलेजला खिशात घालेल अशी दगडी. तिथेही लिफ्ट आहे. दगडाला काही झालेलं नाही. अपंगांच्या पार्किंगचा ब्लू बॅज लावून गाडी उभी केली, अपंगांची स्वच्छतागृहं उघडणारी ‘रडार की’ नावाची किल्ली पर्समध्ये, वर गेले. रोमनांनी स्कॉटलंडमध्ये बांधलेल्या अँटोनाईन भिंतीच्या शिळांपुढे मनसोक्त थांबले. सैन्याच्या कुठल्या तुकडीनं किती भिंत बांधली ते कोरलेलं, आणि एका शिळेवर हात बांधलेले, गुडघे टेकलेले कैदी. थर्मासमधली कॉफी मी आधीच अख्खी संपवली होती. असली चैन कॉलेजात परवडली नसती.

हे सगळं मी मित्रांना ऐकवलं. ‘तुमच्याकडे पैसा आहे गं,’ एकाचं उत्तर. पैशाचं राहू दे, कायद्यात आपण कुठे मागे आहोत? ब्रिटननं अपंगांबाबत भेदभावाविरुद्ध कायदा केला १९९५ साली, भारतानं अपंग हक्कांचा पहिला कायदा केला तोही १९९५ सालीच. २०१६ च्या नव्या कायद्यानं तर जुन्या सार्वजनिक इमारतीही सुगम करायला नियम निघाल्यापासून पाच वर्षं दिली. नियम २०१७ चे, म्हणजे मुदत २०२२ मध्येच संपली. शिक्षणासाठी वापरली जाणारी इमारतही त्यात येते. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही सांगितलं की हे निकष नुसती शिफारस म्हणून चालणार नाहीत, बंधनकारक हवेत. यावर वादात कुणीच काही बोललं नाही. एकानं हात जोडल्याचं चित्र टाकलं.

वारशाचं म्हणाल तर मी मॅकिंटॉशचं घर पुढे केलं. ग्लासगोचा नामांकित वास्तुकार चार्ल्स रेनी मॅकिंटॉश आणि त्याची चित्रकार बायको मार्गारेट मॅक्डोनाल्ड १९०६ ते १९१४ या घरात राहिले. मूळ घर १९६० च्या दशकात चक्क पाडलं, पण आतलं सामान, दारं, चुली जपून ठेवल्या आणि विद्यापीठाच्या कलादालनाला लागून काँक्रीटमध्ये पुन्हा उभ्या केल्या. १९८१ पासून लोक बघायला येतात. त्याचं पुढचं दार रस्त्याच्या बाजूनं भिंतीत अधांतरी लटकतंय. खाली पायरी नाही, काही नाही. आत जायचं ते दालनातून. लोक खाली उभे राहून माना वर करून फोटो काढतात. त्या दारातून कुणालाच जाता येत नाही, म्हणून तिथे थांबलं की मला उगीच बरं वाटतं.

ग्लासगोच्या सबवेबद्दल मात्र मी चकार शब्द काढला नाही. पंधरा स्थानकांपैकी गोवन आणि सेंट इनॉक या दोनच ठिकाणी पायऱ्यांवाचून फलाटावर जाता येतं, आणि विद्यापीठाजवळचं हिलहेड त्यात नाही. असल्या गोष्टी मी घरच्या वादात आणत नाही. आपली बाजू आपणच कशाला पाडायची?

मी देश नोकरीसाठी सोडला असं सांगते. अर्धं खरं. उरलेलं अर्धं तो जिना. बावीस वर्षांत इथे मला कुणी उचललं नाही, हे मी ताठ मानेनं सांगते. मात्र त्या शनिवारी तीन तासांत माझ्याशी कुणी बोललंही नाही. लिफ्टपाशी एकानं ‘ओके?’ विचारलं, मी ‘ओके’ म्हटलं, संपलं. कॉलेजच्या जिन्यात चौघं एकमेकांवर ओरडत होते, ‘अरे तिची ओढणी बघा रे!’ तिथे निदान माझ्या ओढणीची कुणाला तरी काळजी होती. हे मी ग्रुपवर लिहिणार नाही. लगेच म्हणतील, बघ, कळलं ना?

काल रात्री त्या ‘उचलून नेऊ की’वाल्यानं एकटीला मेसेज केला. उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, डावा पुढच्या महिन्यात. बाकीच्या तिघांपैकी एकाची कंबर गेलीय, एक पुण्यात मुलीकडे असतो, एक आता नाही. शेवटी विचारलंय: ‘लिफ्टला साधारण किती खर्च येतो गं?’