तुटीवर घरगुती उपाय

समजा, उद्या सकाळी तुम्हाला कुणी देशाचा अर्थमंत्री केलं. घाबरू नका. वित्तीय जबाबदारीचा कायदा 2003 सालचा आहे. तूट, म्हणजे सरकारचा कमाईपेक्षा जास्तीचा खर्च, देशाच्या उत्पन्नाच्या 3 टक्क्यांवर आणायची तारीख तेव्हापासून पुढे ढकलली जातेय, तुम्हीही ढकलाल. पण मनापासून तूट कमी करायची असेल तर एक पथ्य पाळा: गरिबांची एकही योजना बंद करू नका. बंद केली की मोर्चे निघतात. ती चालूच ठेवायची, फक्त पाणी घालायचं नाही.

वृद्धांचं निवृत्तिवेतन घ्या. साठ ते एकोणऐंशी वयाच्या गरीब म्हाताऱ्याला केंद्र महिन्याला 200 रुपये देतं, आणि हा आकडा 2007 पासून तसाच आहे. एक पैसा कापलेला नाही! कापण्याचं काम महागाई करते, तेही बिनपगारी. ऐंशी पूर्ण केली की 500 मिळतात. चिकाटीचं बक्षीसच म्हणा ना.

रेशनचं त्याहून सोपं. अन्नसुरक्षा कायदा 2013 चा, त्यातला कोटा 2011 च्या लोकसंख्येवर. 2021 ची जनगणना 2021 मध्ये झालीच नाही, त्यामुळे मधल्या काळात जन्मलेली पोरं हिशेबात आली नाहीत. जी पोरं मोजलीच नाहीत त्यांना भूक कशी लागेल?

गावोगाव आरोग्याचं काम करणाऱ्या आशाताईंना पगार देऊ नका, ‘मानधन’ द्या. पगार म्हटला की निर्वाह निधी येतो, रजा येते. मानधनात नुसता मान येतो.

एवढं करूनही आकडा हलला नाही तर रेशनचं धान्य खरेदी करणाऱ्या अन्न महामंडळाला अनुदानाऐवजी अल्पबचत निधीतून, म्हणजे लोकांच्या पोस्टातल्या बचतीतून, कर्ज काढायला लावा. कर्ज महामंडळाचं, तूट कुणाचीच नाही. हे बरीच वर्षं छान चाललं. 2020-21 मध्ये कुणाला तरी प्रामाणिकपणाची उबळ आली, सगळं वहीत मांडलं, त्यात कोरोना, आणि तूट 9 टक्क्यांच्या वर गेली. तेव्हा जपून.

आणि हो, कंपन्यांकडे वाकड्या नजरेने बघू नका. सप्टेंबर 2019 मध्ये त्यांचा कर 30 वरून 22 टक्क्यांवर आणला, तेव्हा सरकारचाच अंदाज होता की वर्षाला 1 लाख 45 हजार कोटी जातील. त्याला ‘प्रोत्साहन’ म्हणतात. रेवडी वेगळी, ती दोनशेची असते.

शेवटचा उपाय मी डोळ्यांनी पाहिलाय. आमच्या गल्लीतल्या आजी निवृत्तिवेतनाच्या पडताळणीसाठी सेवा केंद्रात गेल्या होत्या. जन्मभर खुरपणी आणि भांडी, अंगठ्यावर रेषाच उरलेल्या नाहीत. केंद्रातल्या पोराने ओल्या फडक्याने अंगठा पुसला, दाबून धरला, मग दुसरा हात घेतला. यंत्र दर वेळी लालच.

“आजी, जुळत नाही हो.”

“अरे, मी इथं बसलेय की!”

“तुम्ही बसलाय, पण सिस्टीममध्ये दिसत नाही. सोमवारी या.”

रिक्षाचे जाऊन-येऊन साठ रुपये. आजींची ही तिसरी फेरी होती.